ताईंनी 'चला' म्हटलं नाही

आमच्या ताईंना, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेला, कारखान्यात सगळे घंटाबाई म्हणतात. पूर्वी पाठीमागे म्हणायचे. आता तोंडावर म्हणतात आणि ताई खुशाल 'ओ' देतात. घरातल्या बाईला असलं नाव पडलं तर खरं म्हणजे आपण रागवायला हवं. मी मात्र बाजारात कुणी "तुम्ही घंटाबाईंच्या कोण हो?" असं विचारलं की हातातली पिशवी खाली ठेवून सांगते, "भावजय. सख्खी."

ताई कपडे शिवायच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. त्या आमच्याकडे राहतात असं लोक म्हणतात; खरं तर आम्हीच त्यांच्याकडे राहतो. हे घर त्यांच्या मशीनच्या पेडलवर उभं राहिलंय, आणि माझ्या नवऱ्याचं कॉलेजही त्याच पेडलवर झालं. अंगाने ताई एवढ्याशा. आवाज मात्र असा, की त्या अंघोळीला बसून "साबण संपलाय" म्हणाल्या तर वाणी ऐकून काढून ठेवील. गळ्यात मापाची टेप कायम. घरी आल्यावरही ती काढायचं भान राहत नाही, आणि कधीकधी टेपेसकट जेवायला बसतात.

त्यांची एक सवय लग्न होऊन आले तेव्हाच माझ्या लक्षात आली. नव्या जागी गेल्यावर लोक आधी पंखा कुठे आहे ते बघतात. ताई दार कुठे आहे ते बघतात. आणि एक दार सापडून त्यांचं समाधान होत नाही, दुसरं सापडलं पाहिजे. एकदा आम्ही सिनेमाला गेलो होतो. दिवे गेले तरी यांची मान मागेच वळलेली. माझा नवरा म्हणाला, "ताई, सिनेमा पुढे आहे."

"माहितीये. पुढच्यांना वाचवायला लेखक बसलाय. तुला वाचवायला कोण आहे?"

तेव्हा मी हसले होते. या सवयीचं कारण मला पुढे कधीतरी, त्यांच्या केसांना तेल लावताना कळलं. तोंड समोर नसलं की माणूस बोलतो.

तरुणपणी ताई दुसऱ्या एका कारखान्यात मशीनवर बसायच्या. शेजारच्या मशीनवर त्यांची मैत्रीण. ती शिवताना सारखी गुणगुणायची, म्हणून तिचं नाव पडलं होतं रेडिओ. एका दुपारी खालच्या मजल्यावर कापडाच्या गठ्ठ्यांना आग लागली आणि धूर जिन्याने वर आला. बायका मशीन तशाच चालू टाकून धावल्या. पुढच्या जिन्यात एकीवर एक पडल्या. ताई त्यातूनच कशाबशा बाहेर आल्या. रेडिओ शहाणपणाने मागच्या दाराकडे गेली होती. त्या दाराला कुलूप होतं. बायका तयार कपडे मागच्या मागे लांबवतील, अशी तिथल्या मालकाला धास्ती होती.

"सगळे म्हणाले अपघात," ताई म्हणाल्या. माझी बोटं त्यांच्या केसात थांबली. "वायर जळाली तो अपघात असेल गं. कुलूप कसला अपघात? ते कुणीतरी रोज सकाळी आठवणीने लावत होतं."

त्यानंतर ताईंनी मनाशी एक ठरवलं. पुढे कधी आपल्या हाताखाली माणसं आली, तर सकाळी हॉलमध्ये शिरलेली प्रत्येक बाई संध्याकाळी आपल्या पायांनी घरी गेली पाहिजे. शिलाई वाकडी गेली तर उसवता येते, असं त्या म्हणतात, आणि पुढचं बोलत नाहीत.

आताच्या कारखान्यात सुपरवायझर झाल्या त्या दिवशी त्यांनी पहिलं काम केलं ते मागच्या दाराचं कुलूप मालकांच्या टेबलावर नेऊन ठेवण्याचं. मालक तसे भले गृहस्थ. घाबरट, पण भले.

"अहो ताई, माल जाईल ना!"

"गेटवर पिशव्या तपासा. पहिली माझी तपासा."

"आणि दार?"

"दाराला आतून कडी. कुलूप तुम्ही घरी न्या, तिजोरीला लावा."

मग घंटा आली. आगीत सगळ्यांत आधी वीज जाते, म्हणून विजेची घंटा नको, असं त्यांचं म्हणणं. भंगारवाल्याकडे एक जुनी पितळी घंटा पडली होती. ती त्यांनी घासूनपुसून हॉलच्या दाराशी लोखंडी आकड्याला टांगली आणि तिच्या लोलकाला दोरी बांधली. महिन्यातून एकदा, कुणालाही न सांगता, त्या दोरी ओढायच्या.

घंटा झाली की काय करायचं ते ठरलेलं. पेडलवरचा पाय काढायचा. मशीनचं बटण बंद. उठून मशीनशेजारी उभं राहायचं आणि ताईंकडे बघायचं. ताई हॉलभर नजर फिरवणार, कुठला जिना मोकळा आहे ते ठरवणार आणि मग म्हणणार, "चला." ते ऐकू येईपर्यंत एक पाऊल उचलायचं नाही, मग समोर काहीही दिसो. जिन्यात पडलेल्या बायका ताईंच्या डोळ्यांसमोरून गेल्या नव्हत्या, म्हणून हा नियम. कुणी आधीच पाऊल टाकलं तर पुन्हा सगळ्यांना मशीनवर बसवून घंटा पहिल्यापासून.

हा नियम फक्त एका माणसाने कधी पाळला नाही. ते म्हणजे कटिंग मास्तर. कानामागे खडू, ओठावर जाड मिशी आणि जिभेला हाड नाही. त्यांचं कापड कापायचं लांबलचक टेबल नेमकं दाराजवळ, त्यामुळे घंटा होताच हे जिन्यात पोचलेले असायचे.

"मास्तर! मी 'चला' म्हटलं का?"

"जिना जागेवर आहे का बघून येतो ताई. उगाच सगळ्यांची खेप वाया नको."

रोज सकाळी त्यांचा प्रश्न ठरलेला. "ताई, आज आग जेवणाआधी आहे की जेवणानंतर? नंतर असेल तर जरा दाबून जेवतो." अख्खा हॉल खिदळायचा. ताई नाही रागवायच्या. म्हणायच्या, "हसून शिकलेलं लवकर विसरत नाही."

मी कॉलेजात भूगोल घेतला होता. त्या भूगोलाचा संसारात फारसा उपयोग झालेला नाही, पण एका संध्याकाळी झाला. टीव्हीवर कुठल्याशा शहरातला पूर दाखवत होते. माझा नवरा उसासा टाकून म्हणाला, "निसर्गापुढे कुणाचं काय चालतंय!"

ताई शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांच्या हॉलमध्ये तपासणीच्या टेबलावर तयार कपड्यांचे तीन ढीग पडतात. चांगला तो ओके. उसवून दुरुस्त होईल तो अल्टर. ज्याचं काहीच होणार नाही तो रिजेक्ट. ताईंना जगातली कुठलीही गोष्ट या तीन ढिगांत टाकल्याशिवाय चैन पडत नाही. आमच्या लग्नानंतर चौथ्या दिवशी त्यांनी नवऱ्याला विचारलं होतं, "काय रे, ओके ना?" आणि माझ्याकडे वळून, "आणि आमचा? अल्टर असेल तर सांग, अजून उसवता येईल."

तर त्या म्हणाल्या, "पाऊस पडला तो कुणाच्या हातातला नाही. पण ते बघ, नाल्यावर दुकानं बांधलीत. पाण्याने जायचं कुठून? दुकानं निसर्गाने बांधली का? हे सगळं अल्टरमध्ये टाक."

"आणि भूकंप?" मी मुद्दाम विचारलं.

"तो रिजेक्ट. जमीनच हलली तर माणूस काय करणार?"

तेव्हा माझ्यातल्या भूगोलाने डोकं वर काढलं. मी सांगितलं, भूकंपात माणसं मरतात ती बहुतेक अंगावर बांधकाम पडून. मोकळ्या रानात उभा असलेला माणूस फार तर भोवळ आल्यासारखा खाली बसेल. आणि जमीन हलत असताना धावायचं नाही, जिन्यावर तर मुळीच नाही. भक्कम टेबलाखाली शिरायचं, डोकं झाकायचं, थांबलं की मग बाहेर पडायचं.

ताईंचा हात शेंगेवर थांबला. "म्हणजे आगीत बाहेर पडायचं आणि यात आत बसायचं?"

"हो."

"आणि दोन्ही एकदम शिकवलं तर बायका आगीत टेबलाखाली बसतील आणि भूकंपात जिन्यावर धावतील." त्यांनी मान हलवली. "एका वेळी एक. आगीचं हाडात मुरू दे, मग हे घेऊ."

बोलणं चुकीचं नव्हतं. मलाही पटलं. पण ते 'मग' काही आलं नाही.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली, ती सावलीची. सरावाच्या वेळी बायका खाली उतरल्यावर रस्त्यापलीकडच्या मोकळ्या मैदानात जमायच्या. तिथे हजेरी व्हायची. उन्हाळ्यात त्या मैदानात उभं राहणं म्हणजे तव्यावर उभं राहणं. काज-बटणाच्या लाईनीत एक बडबडी बाई आहे, ती एकदा सगळ्यांच्या वतीने बोलली.

"ताई, आगीत नाही गेलो तर या उन्हात जाऊ हो आम्ही."

मालकांचंही म्हणणं होतंच, की रस्ता ओलांडून जायचं, परत यायचं, यात कामाचा खोळंबा होतो. ताईंना बायकांची दया आली. त्यांनी जमायची जागा आत घेतली, कारखान्याच्या पुढच्या अंगणात. तिथे छान सावली पडायची. मालकांनी गच्चीचा विटांचा कठडा वाढवून त्यावर कारखान्याच्या नावाचा भला मोठा बोर्ड चढवला होता, त्याचीच ती सावली. ताईंनी स्वतः ब्रश घेऊन अंगणात पांढऱ्या रंगाचा गोल काढला. बायका खूश, मालक खूश. त्यानंतर सराव झाला की सगळ्या त्या गोलात उभ्या राहून हजेरी द्यायच्या आणि वर मास्तर म्हणायचे, "आग लागावी तर अशी, सावलीतली."

ज्या दिवसाबद्दल सांगायचं आहे त्या दिवशी मी ताईंचा डबा भरत होते. त्या सकाळी लवकर जातात, म्हणून दुपारचा डबा मी नेऊन देते. कारखाना आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, निदान ताईंच्या हाकेच्या.

आधी मांडणीवरचे डबे आपसात कुजबुजल्यासारखे वाजले. मला वाटलं, वरच्या मजल्यावरच्यांनी कपाट सरकवलं. मग ओटा हातातून निसटल्यासारखा झाला आणि कळलं, हे कपाट नाही. भूगोल शिकलेल्या बाईने अशा वेळी पहिलं काय केलं असेल? उतू जाणारं दूध बंद केलं. मग जेवणाच्या टेबलाखाली शिरले. तिथून मला फक्त खुर्च्यांचे पाय दिसत होते, आणि ते नाचत होते. भिंतीवरचं घड्याळ पडलं. कुठेतरी एक मांजर माणसासारखं ओरडलं. आणि टेबलाखाली बसल्या बसल्या मला एकदम आठवलं: कारखान्यातल्या बायकांना फक्त बाहेर पडायचंच शिकवलेलं आहे.

हलायचं थांबल्यावर मी धावले. डबा हातातच होता, हे मला फार उशिरा कळलं.

रस्त्यावर माणसंच माणसं. कुणी रडत होतं, कुणी फोन कानाला लावून नुसतंच "हॅलो हॅलो" करत होतं. मी कारखान्याच्या गेटातून आत वळले आणि तिथेच उभी राहिले. अंगण धुळीने भरलं होतं. गच्चीचा अख्खा कठडा खाली आला होता. विटांचा ढीग, त्यावर तो बोर्ड पालथा पडलेला, आणि ढिगाच्या एका कडेने ताईंनी काढलेल्या पांढऱ्या गोलाची एवढीशी कोर दिसत होती.

वॉचमन गेटाला धरून उभा होता.

"बायका कुठायत?" मी विचारलं.

"घंटा झाली वहिनी. मी स्वतः ऐकली. नुसती वाजत होती, थांबेच ना. मी गेटाबाहेर पळालो आणि मागे हे पडलं."

"बायका बाहेर आल्या का?"

त्याने ढिगाकडे बघितलं. घंटा झाली म्हणजे बायका या गोलात येणार, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. मी डबा बाजूला ठेवला आणि वीट उचलली. एक बाजूला टाकली, दुसरी टाकली. वॉचमन शेजारी येऊन बसला आणि तोही उचलायला लागला. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत नव्हतो.

तेवढ्यात रस्त्याकडून आवाज आला.

"काज-बटण लाईन! एकेकीने बोला! कोरस नको!"

तो आवाज मी जगाच्या पाठीवर कुठेही ओळखीन. मी वळून बघितलं. रस्त्यापलीकडे मैदानात, टळटळीत उन्हात, बायका लाईनीत उभ्या होत्या. केसात धागे, अंगावर चुन्याची भुकटी, कुणाच्या पायात चप्पल नाही. आणि त्यांच्यासमोर आमच्या ताई, गळ्यात टेप. एक बाई रडत होती म्हणून तिचं 'हजर' ऐकू आलं नाही, तर ताई म्हणाल्या, "रड, रड. पण आधी हजर म्हण."

मी हातातली वीट खाली ठेवली.

वर हॉलमध्ये काय झालं ते मला नंतर इतक्या जणींनी सांगितलं आहे, की मी तिथे नव्हते असं मलाच वाटत नाही.

ताई तपासणीच्या टेबलाशी होत्या, हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला. जमीन हलली तशी दारातली घंटा आपोआप झुलायला लागली आणि वाजली. बायकांना हलल्याचं नीटसं कळायच्या आधी घंटा कळली. इतक्या वेळा गिरवलेलं. पाय पेडलवरून सुटले, बटणं बंद झाली, सगळ्या उठून उभ्या राहिल्या. दोरीला हात कुणाचाच नव्हता. ज्या घंटेसाठी ताईंनी एवढी वर्षं लोकांचं हसू सोसलं, तीच घंटा आता त्यांच्या बायकांना जिन्यात आणि जिन्यातून त्या गोलात बोलावत होती.

पण नियमाप्रमाणे सगळ्या जागच्या जागी थांबल्या आणि त्यांनी ताईंकडे बघितलं.

बडबडी मला म्हणाली, "वहिनी, पंखे हलत होते, भिंत कडकड करत होती, पाय तर आधीच दाराकडे निघाले होते. पण ताईंनी 'चला' म्हटलं नव्हतं ना. कसं जाणार?"

ताईंनी 'चला' म्हटलं नाही. त्या ओरडल्या, "बसा! टेबलाखाली! डोकं आत!" हे त्यांनी कधीच शिकवलं नव्हतं. पण घंटेनंतर ताई जे म्हणतील ते करायचं, एवढं मुरलेलं होतं. बायका बसल्या. मशीनच्या टेबलांखाली, कटिंगच्या टेबलाखाली, जिथे जागा मिळेल तिथे एकमेकींना ओढून घेऊन.

राहिले मास्तर. ते सवयीप्रमाणे 'चला'ची वाट न बघता दाराबाहेर पडलेलेच होते. एक पाय जिन्यात. ताईंना माहीत होतं की या माणसाला 'थांबा' म्हटलं तर हा आणखी दोन पायऱ्या उतरेल. म्हणून त्या ओरडल्या, "मास्तर, घंटा धरा! ती वाजली तर बायका उठतील!"

मास्तर मागे फिरले. काम सांगितलं की ते कधी नाही म्हणत नाहीत, एवढं त्यांच्या खात्यात लिहून ठेवायला हवं. दाराच्या चौकटीत पाय रोवून त्यांनी वेड्यासारखी झुलणारी ती घंटा दोन्ही हातांनी छातीशी आवळून धरली. लोलक बरगडीत लागत होता, पण सोडली नाही. घंटा गप्प झाली. आणि त्याच वेळी बाहेर काहीतरी प्रचंड कोसळल्याचा आवाज आला. अंगणाच्या बाजूच्या खिडक्या धुळीने पांढऱ्या झाल्या.

हलणं थांबल्यावर ताई टेबलाखालून बाहेर आल्या. पुढच्या खिडकीतून खाली बघितलं. गोलावर विटांचा ढीग होता. मग त्या वळल्या, मागच्या दाराकडे गेल्या, कडी काढली, हाताने लोखंडी जिना हलवून बघितला.

आणि म्हणाल्या, "चला."

मागच्या गल्लीने वळसा घालून मैदानात आल्यावर हजेरी पुरी झाली. एकही कमी नव्हती. मालक गाडी तशीच रस्त्यात सोडून धावत आले. बायकांकडे बघितलं, अंगणाकडे बघितलं आणि हात जोडले.

"नशीब, ताई. नशीब बलवत्तर. निसर्गाचा कोप झाला, पण..."

"मालक," ताई म्हणाल्या, "जमीन हलली ती निसर्गाने हलवली. तो कठडा निसर्गाने बांधला नाही. बोर्डासाठी तुम्ही चढवलात. आणि त्याच्याखाली गोल मी काढला. माझ्या हाताने. घंटेची दोरी आहे, पण तिला आवरायला काही नाही, तेही माझंच. तेव्हा यातलं निसर्गाच्या नावावर किती टाकायचं ते जरा बघून टाकू."

मालकांनी मान खाली घातली. मला त्यांचं कौतुक अशासाठी की त्यांनी पुन्हा 'पण' म्हटलं नाही. ते म्हणाले, "उरलेला कठडा उतरवतो. बोर्ड गेटावर लावू."

"जमिनीपासून हातभर उंचीवर," मास्तर बरगडी चोळत म्हणाले. "पडला तरी पायाच्या बोटावर पडेल." मग ताईंकडे वळून, "घंटाबाई, जन्मात पहिल्यांदा एवढी घट्ट मिठी मारली हो मी कुणाला, आणि ती निघाली पितळेची."

अख्खी लाईन हसली. रडता रडता हसली. त्या दिवशी पहिल्यांदा मास्तर त्यांना तोंडावर घंटाबाई म्हणाले, आणि ताईंनी पहिल्यांदा 'ओ' दिली.

घरी आल्यावर मात्र ताई जेवल्या नाहीत. मी डबा तसाच परत आणला होता. तो त्यांच्यासमोर उघडून ठेवला. त्यांच्या डोळ्यांतून टपटप पाणी.

"मी त्यांना तिथेच उभं करणार होते गं. त्या गोलात. सावली हवी म्हणाल्या म्हणून. कुलूप लावणाऱ्यात आणि माझ्यात काय फरक राहिला असता?"

मी भूगोलवाली. मला एवढंच सुचलं ते बोलले. "ताई, तो कुलूप रोज लावत होता. तुम्ही चूक दिसली तशी तिथल्या तिथे उसवलीत. मी सांगितलेलं सगळं तुमच्या ध्यानात होतं. रिजेक्टमधून काढून अल्टरमध्ये टाका हे."

त्यांनी डब्यातला एक घास तोंडात घातला. मग नाक पुसत म्हणाल्या, "मीठ कमी झालंय भाजीत."

मी समजले, की आता बरं आहे.

त्यानंतर कारखान्यात बरंच काही बदललं. घंटेच्या लोलकाला आता एक चिंधी बांधलेली असते, सरगाठीची. दोरी मुद्दाम ओढली तरच गाठ सुटते. एरवी इमारत नाचली तरी घंटा मुकी. भूकंपासाठी ताईंनी वेगळी खूण ठेवलेली नाही. "हलायला लागल्यावर आणखी कुणी काय सांगायचं? जमीनच सांगते. हललं की बसायचं, घंटा झाली की उठायचं." जमायची जागा पुन्हा मैदानात, उन्हात. आता बडबडीच बाकीच्यांना दटावते, "सावली हवी म्हणाल तर बघा!" मग एके दिवशी मालकांनी मैदानाच्या मधोमध चार बांबू रोवून त्यावर कापड ताणलं. पडलं तर कापडच पडेल. ती कल्पना त्यांची स्वतःची, आणि ती कुणाला सांगितल्याशिवाय ते राहत नाहीत.

परवा डबा द्यायला मी हॉलमध्ये गेले आणि नेमका सराव सुरू झाला. ताई टाळ्या वाजवत ओरडल्या, "हलतंय! बसा!" मी दारात डबा धरून कौतुकाने बघत उभी राहिले. आपल्याच घरातलं माणूस एवढ्या मोठ्या हॉलला एका शब्दावर बसवतं आहे, हे बघायला कुणाला आवडणार नाही?

"वहिनी! तुला काय वेगळं आमंत्रण देऊ? खाली!"

मी डब्यासकट कटिंगच्या टेबलाखाली शिरले. तिथे मास्तर आधीच मांडी घालून बसले होते. कानामागे खडू, चेहरा गंभीर.

"तुम्ही जिना बघायला नाही गेलात?" मी हळूच विचारलं.

"शू," ते म्हणाले. "घंटाबाई ऐकतील."

मग दोरी ओढली गेली, चिंधीची गाठ सुटली आणि घंटा झाली. सगळ्या उठून आपापल्या मशीनशेजारी उभ्या राहिल्या. मास्तरही राहिले, मीही राहिले, केसात कापडाचे धागे घेऊन. सगळ्यांच्या माना एकाच दिशेला. ताई सावकाश हॉलभर नजर फिरवत होत्या, जणू आम्हाला प्रत्येकीला एकदा हाताने चाचपून बघताहेत. घरी मी गॅसवर दूध ठेवून आले होते की बंद करून, ते मला काही केल्या आठवेना. जीव नुसता खालीवर होत होता.

पण ताईंनी 'चला' म्हटलं नव्हतं. मी हलले नाही.